गोठ्यात लावलेला टॉर्च

खण आवरताना नकली नोटा ओळखायचा जांभळा टॉर्च हाताला लागला आणि नेऱ्यातला, गावच्या घरचा तो रविवार आठवला. तेव्हा मी संशोधन करत होते; जांभळ्या उजेडात चमकणारे माझे अर्धवाहक कण सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवले की विझायचे. "सोनं उजेड गिळतं, विषय सोड," असं माझ्या मार्गदर्शक सरांनी सुनावलं आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रावरची माझी वेळ दुसऱ्याला दिली. दोघांत थोडं अंतर राहावं म्हणून मी सोन्यावर काचेचा पातळ थर चढवला, पुन्हा मिश्रण केलं आणि जुन्या-नव्या मिश्रणाच्या दोन्ही बाटल्या घरी आणल्या. भरदुपारी अंधार फक्त गोठ्यात होता. दारावर पोतं टाकून चुलती शेणाच्या वासात माझ्याशेजारी उभी राहिली. "सोनं म्हनतीस, मग लाल कसं गं?" "इतकं बारीक केलं की लालच दिसतं." मी टॉर्च लावला. जुनी बाटली तशीच राहिली, नवी नारिंगी पेटली. "म्हंजी लई चिकटलं की इझतंय व्हय?" चुलती म्हणाली. "मग सांग की त्यास्नी." सोमवारी मी न विचारता सरांच्या खोलीत शिरले, पडदे ओढले, दिवा बंद केला आणि दोन्ही बाटल्या त्यांच्यासमोर ठेवून टॉर्च लावला. आता सरांच्या त्या खुर्चीत मी बसते, आणि कुणालाही 'विषय सोड' म्हणायच्या आधी उठून दिवा बंद करते.