सासऱ्यांच्या करदोड्यातल्या दोन किल्ल्या

माझे सासरे कुरखेड्याच्या जंगलात बांबू-लाकडाचा ठेका घ्यायचे. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत त्यांनी लष्करातून बाद झालेल्या दोन जीपगाड्या घेतल्या होत्या. नागपूरच्या एका मिस्त्रीने दोन्ही गाड्यांना किल्लीचे स्वीच बसवून दिले, तेही एकाच दुकानातून आणलेले. त्यामुळे दोन्ही किल्ल्या अगदी सारख्या. गोल डोकं, त्याला भोक, तेवढीच लांबी. दात तेवढे वेगळे, पण ते नीट न्याहाळल्याशिवाय कळत नसत.

आणि न्याहाळायला सासऱ्यांचे डोळे राहिले नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तरी किल्ल्या त्यांच्याच कमरेला, करदोड्यात ओवलेल्या. कोणी किल्ली मागितली की ते धोतराच्या निऱ्या सारून दोन्ही किल्ल्या मुठीत घ्यायचे, अंगठ्याने दात चाचपायचे आणि एक सोडवून द्यायचे. ती बरोबर निघाली तर त्यांची हुशारी, चुकली तर ड्रायव्हरचा हात वाईट.

मी एकदा एका किल्लीला लाल दोरा बांधला. संध्याकाळपर्यंत त्यांनी तो तोडून टाकला. "मी का आंधळा झालो?" एवढंच म्हणाले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा हायेत, जाऊ दे ना." सासूबाई असत्या तर त्यांनी काही केलं असतं, पण त्या माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मी डोक्यावरचा पदर सावरायची आणि आतल्या आत जळायची.

त्या हिवाळ्यात माझी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सकाळी कळा सुरू झाल्या. दुपारपर्यंत सुईणीचा चेहरा उतरला. ती बाहेर येऊन मला म्हणाली, "बाई, मूल आडवं हाये. माह्या हातचं नाई. वडशाले डॉक्टरकडे न्या, लवकर."

नवरा जंगलात गेला होता. अंगणात दोन्ही जीप उभ्या होत्या, पण एकीचं इंजिन खोलून पोत्यावर मांडलेलं. चालू एकच. ड्रायव्हर धावत ओसरीवर गेला. सासऱ्यांनी किल्ल्या चाचपल्या, एक काढून दिली. तो गेला तसा परत आला.

"मालक, ही त्या खोललेल्या गाडीची हाये."

"नाई. बराबर हाये. तुले फिरवता येत नाई. जोर लाव."

त्याने पुन्हा जाऊन पाहिलं. किल्ली अर्धी जाऊन अडत होती. आतून नणंद ओरडत होती. मी ओसरीवर आले. सासऱ्यांशी मी समोर उभी राहून कधी बोलले नव्हते.

"मामाजी, दुसरी द्या."

"सूनबाई, तू आत जा. मले माहीत हाये कोणती कोणाची."

"तुमची पोरगी मरून राह्यली आत! द्या म्हणते ना!"

त्यांनी उरलेली किल्ली मुठीत आवळली. शेजारी पानाच्या डब्यात अडकित्ता होता. मी तो उचलला, वाकले, त्यांच्या कमरेचा करदोडा धरला आणि कापला. किल्ली त्यांच्या मुठीतून ओढून ड्रायव्हरच्या अंगावर फेकली. माझा पदर खांद्यावर आला होता.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गाडीत चाऱ्याचे भारे अंथरून नणंदेला निजवलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. रस्ताभर ती माझा हात चावत होती आणि मी सासऱ्यांना मनातल्या मनात शिव्या देत होते. डॉक्टरांनी आत हात घालून मूल फिरवलं. मुलगी झाली. दोघी वाचल्या. "अजून उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं," एवढंच ते मला बाहेर येऊन म्हणाले.

घरी आल्यावर सासरे माझ्याशी बोलेनात. पाणी मागायचं तरी गड्याला हाक मारायचे. नवरा मला म्हणाला, "करदोडा कापायचं काय काम होतं?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

नात सव्वा महिन्याची झाली तेव्हा सासऱ्यांनी मला ओसरीवर बोलावलं. पुढ्यात दोन्ही किल्ल्या आणि सुताराकडून आणलेली कानस. "चालू गाडीच्या किल्लीले डोक्याजवळ खाच पाड," ते म्हणाले. "बोटाले लागंल अशी." मी घासत बसले. ते दर थोड्या वेळाने किल्ली मागून घ्यायचे, अंगठा फिरवायचे, "आणखीन" म्हणायचे. झाल्यावर म्हणाले, "मले तसं आधीपासूनच समजे. हे तुमच्यासाठी."

पुढच्या वर्षी त्यांचं नागपूरला ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा आला, भिंतीवरची पाल दिसू लागली. वाटलं, आता तरी सुटलो. पण नाही. ड्रायव्हर उन्हात ताटकळत उभा, आणि सासरे डोळे मिटून, मान वर करून अंगठ्याने खाच शोधताहेत. "मामाजी, बघून द्या ना," मी म्हणायची.

"थांब वं," ते म्हणायचे. "घाई कायची?"