गँडर ते डब्लिन: चार बोटं

उनामावशी ब्लंडननं जन्मभर देशाच्या पार पूर्व टोकाच्या आमच्या गँडर गावच्या विमानतळावर प्रवाशांना चहा पाजला, पण स्वतः कधी विमानात पाऊल ठेवलं नाही. आमच्याकडे एखादं गाव किती लांब विचारलं तर लोक तास सांगतात. मावशीला ते मुळीच पटत नसे. तिच्या स्वयंपाकघरात पृथ्वीचा गोल होता, आणि त्यावर शिवणाच्या डब्यातला दोरा लावून, मग तो बोटांनी मापून ती जग मोजायची. मी तिची शेजारीण, रोज मागच्या दारानं आत शिरणारी, तेव्हा गोल धरायचं काम माझ्याकडे.

"बघ गं मॉली, व्हँकुव्हर आपल्याच देशात, तरी सहा बोटं! आणि आमची नोरा समुद्रापलीकडे डब्लिनला, तर चारच."

नोरा ही तिची धाकटी बहीण. लग्न करून गेली ती तिकडचीच झाली. अलीकडे तिला माणसं आठवेनाशी झाली होती. फोनवर एकच धोशा, "उना, तुला यायला किती तास लागतील?" तिला आपली ओळख आहे तोवर मावशीला एकदा भेटायचं होतं.

तिकिटं काढून देणारा क्लेम स्नूक म्हणाला, "हिवाळ्यात इथून थेट विमान नाही, मावशी. आधी टोरोंटोला जायचं, मग तिथून डब्लिन. सगळं धरून सोळा तास."

"टोरोंटो उलट्या दिशेला! म्हणजे ते विमान पुन्हा माझ्याच छपरावरून जाणार?"

"जवळपास."

"मग घटकाभर इथे थांबायला त्याला काय धाड भरलीय?"

"ती काय बस आहे?"

मावशी फुरंगटून बसली. उलटी जाणार नाही म्हणजे नाही. शेवटी मीच वैतागले. "मग काय दोऱ्यावरून चालत जाणार आहेस?"

जानेवारीत गेली एकदाची. आमच्याकडे माणूस बाहेरगावी असलं की ते परतेपर्यंत दारावरचा दिवा मालवत नाहीत. तिच्या दारावरचा मी लावून ठेवला.

परतीच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. "मॉली, मी गँडरला आहे."

वाटेत कुणाच्या तरी छातीत कळ आली, म्हणून विमान आमच्याकडे उतरवलं होतं.

"अगं मग ये की! चहा टाकते."

"बॅग घेऊन दारापर्यंत गेले होते. म्हटलं, हे माझंच गाव, उतरते. तर विमानातली ती पोरगी म्हणते, आजी, आजारी माणसाशिवाय कुणाला उतरता येणार नाही. टोरोंटोला जाऊन परत या."

मला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही, तेव्हा मी विचारलं,

"नोरा कशी आहे?"

"तिचा हात धरून बसले होते गं. आणि ती मलाच विचारत होती, आमच्या उनाला यायला किती तास लागतील?"

"मग तू काय म्हणालीस?"

"निघालीय म्हटलं. पोचेलच."