चोच घराकडे

आमच्या भागातली भिंतचित्रं बघायला बाहेरून लोक येतात, त्यांना फिरवण्याचं काम माझ्याकडे असतं. दर रविवारी सकाळी दहा-पंधरा जण, गळ्यात कॅमेरे आणि पायात पांढरेशुभ्र बूट. कुठली भिंत कुणी रंगवली, किती दिवस लागले, रंग कसा टिकला, ते मी सांगते. कुणी चित्राला पाठ घासून फोटो काढायला लागलं की माझा पारा चढतो आणि मी ओरडते. लोक हसतात. त्यांना वाटतं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे.

चौथ्या भिंतीपाशी आलो की कुणीतरी हटकून विचारतं, "ही पिवळी चिमणी मघाशी पण दिसली होती ना? प्रत्येक कोपऱ्यावर आहे का?"

"एका जुन्या पेंटरची सही आहे," मी सांगते आणि पुढे चालू लागते. हे खोटं नाही. खरंही नाही. खरं काय ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण त्यात माझं तोंड काळं आहे.

पेंटरकाका पाट्या रंगवायचे. पाववाला, न्हावी, चष्मेवाला, दातांचा डॉक्टर, सगळ्यांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. दोन टोकांना दोन खिळे, मध्ये खडूच्या पुडीत घोळवलेला दोरा ताणायचा, एक टिचकी मारायची, की भिंतीवर सरळ रेघ. मग मनगटाखाली काठी टेकवून अक्षर ओढायचं. अक्षर पुसून पुन्हा काढलेलं मी कधी पाहिलं नाही. पाटी झाली की खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी पिवळी चिमणी काढायचे, आणि तिचा डोळा सगळ्यात शेवटी. नाव कधीच लिहिलं नाही. "नाव गिऱ्हाइकाचं लिहायचं. आपण आपलं बसायचं कोपऱ्यात," म्हणायचे. त्यामुळे त्यांचं खरं नाव आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढे छापील फलक आले आणि चार-पाच वर्षांत पाट्यांचं काम संपलं. काका मग लोकांच्या खिडक्या-दारं रंगवू लागले. त्याच सुमारास भागातल्या भिंतींवर चिमण्या दिसायला लागल्या. या मात्र अंगठ्याएवढ्या नव्हत्या, चांगल्या वीतभर होत्या. एकूण सहा, सहा कोपऱ्यांवर. आम्ही म्हटलं, म्हाताऱ्याला काम नाही, हात शिवशिवतात, म्हणून गल्लीवरच सही करत सुटलाय. पाववाला तर त्यांना म्हणायचा, "काका, आता फक्त माझ्या टकलावर काढायची राहिलीय." काका म्हणायचे, "पृष्ठभाग चांगला आहे. बघू."

त्या चिमण्या काकूंसाठी होत्या. प्रत्येकीची चोच घराकडे होती.

काकू एका तयार कपड्यांच्या दुकानासाठी काजं-बटणं करायच्या. दुपारी गाठोडं घेऊन दुकानात जायच्या, काम देऊन परत यायच्या. तीस वर्षं हाच रस्ता. एक दिवस परत आल्याच नाहीत. काका शोधायला निघाले, तर पाण्याच्या टाकीशी उभ्या होत्या, रागानं लालबुंद. "कुणीतरी रस्ते बदललेत," म्हणाल्या.

"पालिकेचा काही नेम नाही," काका म्हणाले. "कधी काय उचलून कुठे ठेवतील!"

दोघं हसत घरी आले. मग आणखी दोनदा तसंच झालं. जाताना त्या चुकत नसत. गाठोडं हातात असलं की पाय आपोआप दुकानाकडे वळायचे. परत येताना हात रिकामे असायचे, आणि रस्ता हातून निसटायचा. दूरच्या शहरातली त्यांची मुलगी आधीच बजावून बसली होती: आईचं जरा जरी काही बिघडलं तर मी तिला घेऊन जाणार, तिच्यासाठी जागा बघून ठेवलीय. दुकानवालीला कळलं असतं तर तिनं काम बंद केलं असतं. काकांनी सोबत जायचं म्हटलं तर काकू भडकायच्या. "मी काय कुकुलं बाळ आहे? बोट धरून न्यायला?"

म्हणून काकांनी चिमण्या काढल्या. महिनाभर काहीतरी निमित्त काढून रोज त्या वेळी दुकानाशी जायचे आणि येताना शिकवायचे. चिमणी बघायची, चोच कुठे आहे बघायची, तिकडे जायचं. काकू प्रत्येक चिमणीला हात लावायच्या. दिवा लावताना बटण दाबतो ना, तसा, सवयीनं. महिन्यानंतर काका घरीच थांबायला लागले, पण डोळे दाराकडे. दोन वर्षं काकू एकदाही चुकल्या नाहीत. दोन वर्षं त्या काम करत होत्या, भांडत होत्या, दुकानातल्या गमती घरी येऊन सांगत होत्या. कुणाला पत्ता लागला नाही. काकांना तो लागू द्यायचाच नव्हता. बायकोला कुणी वेडी म्हणालेलं त्यांना सोसलं नसतं.

आणि मग आम्ही आलो. आम्ही सहा चित्रकार, सगळे शिकलेले, सगळे शहाणे. पालिकेकडून भिंती मिळाल्या होत्या. भिंती घासून, खड्डे बुजवून, पांढरा हात मारून तयार करायचं काम काकांना दिलं, कारण इथल्या प्रत्येक भिंतीची नस त्यांना माहीत होती. कुठे ओल येते, कुठे चुना सुटतो, सगळं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "एकच सांगणं आहे. चिमण्यांना हात लावायचा नाही."

"काका, काहीतरीच काय! चिमण्या म्हणजे आमचा जीव," मी म्हणाले. खरंच होता. मी त्यांच्याकडे हट्ट करून दोऱ्याची टिचकी शिकले होते. माझ्या वडिलांनी मला कधी काही शिकवलं नाही, ओरडायला तेवढं शिकवलं. काका कधी ओरडले नाहीत. माझी रेघ वाकडी गेली की फक्त म्हणायचे, "रेघेला घाई होती वाटतं."

चौथी भिंत माझी. चावीवाल्याच्या दुकानाची बाजू, तिथं रस्ता फुटतो. काकूंच्या कपड्यांच्या दुकानाकडून आलं की भिंत समोर येते. डावीकडे काका-काकूंची गल्ली, उजवीकडे मोठा हमरस्ता. मी एक भलंमोठं झाड काढलं होतं, त्याच्या फांदीवर चढलेली मुलगी, खाली तिचे सुटलेले बूट. डाव्या कडेला काकांची चिमणी, चोच डावीकडे, चित्राच्या बाहेर.

ती मला खुपायला लागली. आम्हाला चित्रकलेच्या शाळेत पहिल्या वर्षापासून घोकून घेतलेलं असतं: कडेला असलेल्या जिवाचं तोंड चित्राच्या आत हवं. बाहेर असलं की बघणाऱ्याची नजर तिच्यामागून निघून जाते आणि चित्र सांडतं. चार दिवस मी तिच्याकडे बघत होते. काकांना विचारायला हवं होतं. पण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्याला पट्टी, धुळीत जायचं नाही अशी ताकीद. मनात आलं, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला त्रास द्यायचा? मी तिला पुसणार नव्हते. जागा तीच, पिवळा तोच, माप तेच. फक्त मान वळवायची. बघून खूश होतील, म्हणतील, पोरगी शिकली.

त्या दुपारी काकू गाठोडं घेऊन गेल्या तेव्हा मी परांचीवर होते. त्यांनी चिमणीला हात लावला, मला म्हणाल्या, "पडशील हो," आणि दुकानाकडे वळल्या. त्या गेल्यावर मी खाली उतरले आणि चिमणी वळवली. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. काकांसारखाच डोळा शेवटी काढला. लांब जाऊन पाहिलं. चित्र एकदम मिटलं, घट्ट झालं. मला इतका आनंद झाला की मी चावीवाल्याला हाक मारून दाखवलं.

तासाभरानं काकू परत आल्या. भिंतीसमोर थांबल्या. बराच वेळ थांबल्या. हात पुढे केला आणि मागे घेतला.

"काकू, लावू नका, ओली आहे," मी वरून म्हणाले. "कशी दिसते?"

"छान आहे," त्या म्हणाल्या. डावीकडे पाहिलं, चिमणीकडे पाहिलं, परत डावीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ही कधी चुकत नाही." आणि उजवीकडे चालू लागल्या.

मी त्यांना जाताना पाहिलं. अगदी पाठमोऱ्या दिसेनाशा होईपर्यंत पाहिलं. मला वाटलं, काहीतरी आणायला निघाल्या असतील. मी पुन्हा झाडाच्या पानांना लागले.

संध्याकाळी काका भिंतीला हात लावत लावत आले. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा पहिल्यापासून अधू. "ही आली नाही अजून."

"मी पाहिलं त्यांना. उजवीकडे गेल्या."

"उजवीकडे?" काका म्हणाले. "शक्य नाही. ती इथून उजवीकडे जाणारच नाही."

"काका, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"दुसरं कुणी असेल. ती उजवीकडे जाणार नाही, सांगतोय ना!" ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. इतके ठाम होते की मीच गडबडले. बायकोला यांच्याइतकं कोण ओळखणार? आम्ही सगळे डावीकडच्या गल्ल्यांत पसरलो. प्रत्येक जिना, प्रत्येक बोळ, पाण्याची टाकी दोनदा. उजवीकडे कुणी गेलंच नाही. अंधार पडता पडता बारीक पाऊस सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका ट्रकवाल्याला त्या सापडल्या. हमरस्त्याच्या पलीकडे बंद गोदामं आहेत, तिथल्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, चिंब भिजलेल्या. इस्पितळात नेलं. ताप छातीत उतरला होता. नऊ दिवस काका खाटेशेजारून हलले नाहीत.

काकू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायच्या. मीही ऐकलं. "अहो, मी चोचीकडेच गेले. खरंच, चोचीकडेच गेले." तापात बडबडतात असं मला वाटलं. शेवटच्या दिवशी काका त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "बरोबर गेलीस तू. पालिकेनं घर उचलून दुसरीकडे ठेवलं."

काकू हसल्या. ओठ थोडेसेच हलले, पण हसल्या.

त्या गेल्यावर आठवड्याभरानं काका चौथ्या भिंतीशी आले. मी चित्रातल्या मुलीचे बूट पूर्ण करत होते. ते चिमणीपाशी गेले, नाक भिंतीला लागेल इतके जवळ गेले आणि चोचीवरून बोट फिरवलं. मग शेपटीवरून. मग परत चोचीवरून.

"ही कुणी वळवली?"

"मी," मी म्हणाले. तोवर मला काहीच ठाऊक नव्हतं. मी शाबासकीची वाट बघत होते. आज हे लिहितानाही मला स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

चावीवाल्याच्या पायरीवर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. टाकी, मुलगी, दुकानवाली, तो एक महिना, सहा चोची. आणि शेवटी म्हणाले, "तू उजवीकडे म्हणालीस, तेव्हा मी ऐकलं नाही. चिमणीवर भरवसा होता." मी त्यांच्या पायांशी बसले आणि लहान मुलासारखी रडले. मला शिव्या द्या म्हटलं, मारा म्हटलं. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून नुसते बसून राहिले, आणि त्या हाताचं ओझं मला अजून जाणवतं.

शेवटी मी उठले, पिवळ्याचा डबा उघडला, कुंचला घेतला. मी चिमणीवर टेकवणार, तेवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे, पोरी. चित्र म्हणून तुझंच बरोबर आहे." ते जरा लांब सरकले आणि पट्टी नसलेल्या डोळ्यानं सबंध भिंत न्याहाळत राहिले, पाटी झाल्यावर न्याहाळायचे तसे. "आणि आता घरी यायचंय कुणाला?"

मग ते निघाले. एक हात भिंतीवर टेकवून, चाचपडत. मी डबा तसाच टाकून मागे धावले. म्हटलं, काका, दिसत नाही तुम्हाला, घरापर्यंत सोडते.

"नको," ते म्हणाले. "मला रस्ता माहीत आहे."