पहिल्या सणाचे डबे

बाबा श्रावणात गेले. दिवाळी आली तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या घरात फराळाचे इतके डबे जमले, की ते टीव्हीवर, शिलाई मशीनवर आणि शेवटी बाबांच्या पुस्तकांच्या कपाटावरही ठेवावे लागले. कपाटावर डबे ठेवलेले मला आवडलं नव्हतं. पण त्या आठवड्यात न आवडलेल्या गोष्टी इतक्या होत्या, की कुठल्या एकीबद्दल बोलावं हेच कळत नव्हतं.

आमच्यात वर्षाच्या आत माणूस गेलेलं असेल त्या घरी सण करत नाहीत. आकाशकंदील नाही, रांगोळी नाही, आणि मुख्य म्हणजे तळण नाही. मग शेजारपाजारचे आणि नातेवाईक फराळ आणून देतात. नुसता देऊन जात नाहीत, बसतात. दुःख वाटून घ्यायचं असतं. पद्धत चांगली आहे असं मी आजही म्हणेन, पण ती ज्यांनी घालून दिली त्यांच्या वाडीत घरं किती असतील? आम्ही वसई स्टेशनच्या पश्चिमेला राहत होतो. पूर्वीच्या भातशेतीवर इमारती उठल्या होत्या आणि बाबा सगळ्या इमारतींमधल्या लोकांना ओळखत होते. शिवाय डोंबिवलीचे, दादरचे, गावाकडचे नातेवाईक होतेच. धनत्रयोदशीपासून दाराची बेल सुरू झाली ती थांबेना.

प्रत्येकजण चप्पल काढताना आधी आईकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून विचारायचा, "कसं झालं हो?"

मी सांगायचे. बाबा सकाळी भाजी आणायला गेले होते. वसई गावातल्या होळी नावाच्या भागातून येणाऱ्या बायकांकडचीच भाजी त्यांना लागायची. वर आले, पिशवी ठेवली, खुर्चीत बसले, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तोवर संपलं होतं. पहिल्यांदा हे सांगताना मला मध्येच उठून जावं लागलं होतं. तिसऱ्या दिवशी ते मला पाठ झालं होतं. वर्गात धडा वाचून दाखवावा तसं मी ते सांगत होते, कुठे थांबायचं तेही ठरून गेलं होतं. सांगून झालं की मला स्वतःची शिसारी यायची. बाबांचं मरण माझ्याजवळ एकदाच आलं होतं. ते असं वाटून वाटून पातळ होत होतं.

पण खरी काळजी ती नव्हती. आई जेवत नव्हती.

म्हणजे पानावर बसायची. भात कालवायची, वाटीतलं वरण ढवळायची. तेवढ्यात बेल वाजली की हात धुवून उठायची. मला तर वाटायला लागलं होतं, की ती बेलचीच वाट बघते. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले होते. बोलणं 'हं' आणि 'नको' यांवर आलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, दिवाळीनंतरही असंच राहिलं तर भरती करून सलाइन लावावं लागेल. मी पेज करून पाहिली, नाचणीचं सत्त्व करून पाहिलं, रागावून पाहिलं. एकदा तर ताटासमोर बसून रडले. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि उठून गेली.

मदतीला आत्या आली होती, बाबांची धाकटी बहीण. मदत म्हणजे चहा मी करायचा आणि वर्ष नीट पाळलं जातंय ना ते तिने बघायचं. मी एकदा उंबऱ्याबाहेर दोन बोटं रांगोळी ओढली, तर तिने ती पायाने पुसली. "पुढच्या वर्षी काढ हवी तेवढी," म्हणाली. डबा रिकामा परत करायचा नाही हाही तिचाच नियम. त्यामुळे धुतलेल्या प्रत्येक डब्यात मी मूठभर साखर घालत होते. आत्या म्हणायची, "मूठ जरा मोठी घे गं. हात आखडलेला दिसतो."

शिवाय सहामाहीचे पेपर. आठवीचे तीन वर्ग मी शिकवायचे. सुट्टीत तपासायला म्हणून घरी आणलेले गठ्ठे दिवाणाखाली पडून होते आणि पाहुण्यांच्या पायांना लागत होते.

या सगळ्यात मला एकच जागा होती, गच्ची. तेव्हा आमच्याकडे पाणी टँकरचं. टँकर आला की खालची टाकी भरायची, पंप लावायचा आणि वरची टाकी भरून वाहायला लागली की गच्चीवरून ओरडून पंप बंद करायला सांगायचं. हे काम सोसायटीत कुणालाच नको असायचं. मी ते मागून घेतलं. पदराखाली दिवाळी अंक धरून वर जायचे आणि टाकीच्या सावलीत बसून वाचायचे. दर वर्षी अंक आधी कुणी वाचायचा यावरून बाबांची आणि माझी भांडणं व्हायची. ते शेवटून सुरुवात करायचे, राशिभविष्यापासून, आणि आपला त्यावर विश्वास नाही हे आम्हा दोघींना वाचून दाखवत सांगायचे. आता अंक सगळा माझाच होता. मी कथेपासूनच सुरुवात करायचे. टाकीत पाणी पडण्याचा आवाज, खाली मुलांच्या टिकल्यांचा वास, आणि आपल्याशी काही संबंध नसलेल्या माणसांची गोष्ट. तेवढा वेळ बरं वाटायचं. मग टाकी भरायची. कथा कधीच पुरी व्हायची नाही.

दुसरं सुख अनपेक्षित आलं. बाबांचे एक मित्र वसईजवळच्या वटार गावचे होते. दोघांनी एकाच ऑफिसात नोकरी केली होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते आले, पांढरा शर्ट, हातात केळ्यांची फणी आणि वाडीतल्या केळ्यांची घरी वाळवलेली सुकेळी. त्यांनी कसं झालं ते विचारलं नाही. फणी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "त्याच्यासाठी आमच्या चर्चमध्ये मिस्सा ठेवला होता. चालतं ना तुमच्यात?"

"न चालायला काय झालं?" मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली. "वर गेल्यावर सगळे शेजारीच की."

ते हसले. बाबा गेल्यापासून आमच्या घरात कुणी पहिल्यांदा हसलं असेल. ते गेल्यावर ओट्याशी उभी राहून मी एक सुकेळं खाल्लं. मधासारखं गोड होतं. एक आईला नेऊन दिलं. तिने ते हातात धरलं, वास घेतला आणि ठेवून दिलं.

पाडव्याच्या दुपारी माझ्या हातून गोंधळ झाला.

आलेल्या माणसाला काहीतरी द्यायला हवं आणि घरात तळण नाही, म्हणून मी एकाचा फराळ दुसऱ्याला देत होते. लक्ष ठेवायचं ते एवढंच, की ज्याचा त्याला जाता कामा नये. दोन दिवस मी ते सांभाळलं. मग डब्यांची झाकणं बदलली, चकल्या चकल्यांत मिसळल्या, आणि कुणाचं काय ते मला कळेनासं झालं. समोरच्या दारात त्याच वर्षी एक नवीन जोडपं राहायला आलं होतं. त्यातली मुलगी, नगरकडची, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. ती आपला डबा न्यायला आली, तर आत्याने तिला बसवून घेतलं. मी ताटली भरून सगळ्यांच्या मध्ये ठेवली. आईही तिथेच भिंतीला टेकून बसली होती.

आत्याने चकली उचलली, मोडायला गेली. चकली मोडेना, वाकली.

"ही चकली म्हणायची की नाडी? परकरात घालायला होईल."

मुलीचा चेहरा लाल झाला. "माझीच आहे ती, आत्या."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आत्याही गडबडली, "अगं, चव छान आहे हो," म्हणत ती वाकडी चकली तोंडात कोंबू लागली.

तेव्हा आईने हात पुढे केला. ताटलीतली एक चकली घेतली, एक वेढा तोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिली. मग दुसरा वेढा. सगळी चकली संपवली. आम्ही तिघी तिच्याकडे बघत होतो.

"भाजणी कुणाची?" आईने विचारलं. तिचा आवाज घोगरा झाला होता.

"आईने पाठवलीय माझ्या. गावाहून."

"भाजणी फर्स्ट क्लास आहे. तू गॅस मोठा ठेवलास. वरून रंग आला की काढलीस, हो ना?"

"हो. जळेल असं वाटलं, काकू."

"तेलातले बुडबुडे बसेपर्यंत काढायची नाही. आतलं पाणी जायला नको? उरलीय का भाजणी?"

"अर्धा डबा आहे."

आई भिंतीला हात टेकून उठली. "चल."

"वहिनी!" आत्या उभी राहिली. "अहो, वर्ष व्हायचंय. तळण करायचं नाही आपण."

"माझ्या घरी कुठे करतेय, वन्सं?" आई म्हणाली आणि त्या मुलीच्या मागून समोरच्या दारात गेली. पायात चपलाही घातल्या नाहीत.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. राग आला. अडीच महिने मी तिच्यासमोर ताटं मांडत होते, आणि तिला उठवलं कुणी, तर एका बिघडलेल्या चकलीने. मी ओट्याशी जाऊन डबे आपटत धुतले.

तेवढ्यात बेल. डोंबिवलीचे बाबांचे चुलतभाऊ आणि त्यांची बायको. बसल्या बसल्या इकडेतिकडे बघत काकू म्हणाल्या, "जाऊबाई कुठे दिसत नाहीत?"

"पडल्यात जरा," आत्या म्हणाली. "डोकं दुखतंय."

समोरच्या घरातून तळणाचा वास येत होता आणि त्या वासाबरोबर आईचा आवाज आला, चांगला खणखणीत, "उलटू नकोस गं एवढ्यात! कसली घाई आहे तुला?"

पाहुण्यांनी दाराकडे पाहिलं. आत्याने घसा खाकरला. "तुम्ही कुठल्या गाडीने आलात?" तिने इतक्या मोठ्याने विचारलं की काका दचकले. मग ठाण्याहून एसटी कशी मिळाली, घोडबंदरला किती खोळंबा झाला, असं सगळं तिने उकरून काढलं. पाहुणे हलेपर्यंत तिने त्यांना दुसरा विषय काढू दिला नाही. मला त्या वेळी ती पहिल्यांदा आवडली. तसं तिला सांगितलं असतं तर म्हणाली असती, चहा गार झालाय तो आधी बघ.

आई परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत पीठ. हातात झाकलेली ताटली. तिने ती माझ्याकडे दिली आणि मोरीत हात धुतले.

"मोड बघू," ती आतूनच म्हणाली.

मी मोडली. काडकन मोडली. मी दोन्ही तुकडे ताटलीत परत ठेवले.

"भूक लागलीय," आई म्हणाली. "वरणभात आहे ना सकाळचा? गरम कर."

मी गरम केला. पातेलं दोन्ही हातांनी धरून आणलं. आई पानावर बसली, भात कालवला, घास घेतला. आत्या आणि मी समोर बसून बघत राहिलो. परीक्षेत पर्यवेक्षक बघतात तसं. पहिला घास. दुसरा. बेल वाजली. आईचा हात थांबला, तशी आत्या दाराकडे न बघताच म्हणाली, "वाजू दे. लोकांना चार वेळा वाजवायची सवय असते."

आईने तिसरा घास घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

"वरणात मीठ नाही गं."

"नाही?"

"अजिबात नाही."

"कालही नव्हतं," आत्या म्हणाली. "मी आल्यापासून एकदाही नाही. मी म्हटलं, दुःखाचं घर आहे, पोरीला कसं बोलावं? गिळत होते आपली."

आई हसली नाही. पण तिने पान पुढे सरकवलं आणि मी मिठाची बरणी आणेपर्यंत हात वर धरून, घास तसाच कालवलेला ठेवून, बसून राहिली.