रक्षा उईकेची सतरावी

उईक्यांच्या घरी शिक्षण वर्गांनी मोजत. बी.ए. म्हणजे पंधरावी, एम.ए. म्हणजे सतरावी. शाखा, विषय, पदवी हे शब्द त्या घरात कोणी वापरले नाहीत. बारावीनंतर तेरावी, तेरावीनंतर चौदावी. जो सतरावीला पोचला, त्याच्या पोटात खालचे सगळे वर्ग आलेच. ही गोष्ट इतकी उघड होती की कोणी ती बोलूनही दाखवली नव्हती. रक्षालाही तसंच वाटायचं. पुढं जे झालं ते एवढ्याशा समजुतीनं झालं.

तिचे बाबा, प्रेमदास उईके, गवंडी. कारंजा तालुक्यातलं गाव सोडून वर्ध्याला आले आणि बोरगाव मेघेच्या कडेला राहिले. विटांचं काम ते इथं शिकले. गावाकडं त्यांचे हात मातीच्या भिंतीत चालायचे. आई, धुरपता, भाजी विकायची. दोघं आपसात गोंडीत बोलत आणि मुलीशी मराठीत.

सुटीत रक्षा बाबांबरोबर कामावर जाई. एकदा सिंदी मेघेत एका बंगल्याचं काम चालू होतं. कंबरेइतकी भिंत उठली होती. गाडीतून एक माणूस उतरला, दहा मिनिटं उभा राहिला, बोटानं काही दाखवलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी बाबांनी ती भिंत स्वतःच्या हातानं पाडली. रक्षा नववीत होती. तिनं विचारलं, तो कोण. आर्किटेक्ट साहेब, बाबा म्हणाले. भिंत तीन फूट मागं गेल्यावर तिला दिसलं की आतल्या खोलीत आता ऊन येत होतं. साहेब बरोबर होता. भिंत कुठं उभी राहावी हे आपण सांगावं, असं तिला तेव्हापासून वाटू लागलं.

ते कसं व्हायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. दहावीला गुण बरे पडले. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, सायन्सला शिकवणी लागते, आर्ट्स घे. तिनं आर्ट्स घेतलं. मग भूगोल घेऊन बी.ए. झाली. शेवटच्या वर्षी मोबाइलवर पुण्याच्या एका खासगी संस्थेची जाहिरात आली. वास्तुकलेतला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. कोणत्याही शाखेचे पदवीधर चालतील. वास्तुकलेच्या क्षेत्रात प्रवेश करा.

तिनं ती जाहिरात बाबांना वाचून दाखवली.

"म्हणजे सतरावी आर्किटेक्टची," बाबा म्हणाले.

"हो."

"मग जाय."

फीचे पैसे जमायला दोन वर्षं गेली, मग ती पुण्यात गेली. पहिले चार महिने तिला वर्गातलं काही कळलं नाही. मग कळू लागलं. मातीच्या भिंतीवर बोलायची वेळ आली तेव्हा वर्गात तिच्याइतकं कोणाला येत नव्हतं. तिचा प्रबंध गावाकडच्या घरांवर होता. माती कोणत्या महिन्यात मळतात, भिंतीचा एक थर किती दिवस सुकू देतात, ओसरी किती खोल ठेवली म्हणजे पाऊस आत येत नाही. दर रविवारी ती बाबांना फोन करून विचारायची. बाबा सांगताना मध्येच गोंडीत शिरायचे आणि मग दोघं मिळून मराठी शब्द शोधायचे. प्रबंधाला वर्गातले सर्वाधिक गुण मिळाले. काळा गाऊन घातलेला तिचा फोटो बाबांनी नाल ठोकलेल्या दाराच्या आत लावला.

ती परत आली तेव्हा समाजाची माणसं तिची वाटच पाहत होती. नालवाडीच्या अंगाला समाजाची थोडी जागा होती. आर्वी-कारंज्याकडून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी तिथं वसतिगृह बांधायचं ठरलं होतं. अनुदान मंजूर होतं. समितीचे अध्यक्ष नत्थूजी मडावी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, यांनी नकाशाचं काम दोन वर्षं अडवून धरलं होतं. आपली पोरगी शिकून राह्यली, तीच काढंल, एवढंच ते सगळ्यांना सांगत. गावाकडचा भूमका, म्हणजे पूजा सांगणारा पुजारी, येऊन गेला होता. त्यानं संध्याकाळी जागेवर तांदळाच्या दाण्यांच्या ढिगल्या मांडल्या आणि सकाळी पाहिल्या. एकही दाणा हलला नव्हता. जागेनं होकार दिला होता. आता फक्त रक्षाचं काम राहिलं होतं.

तिनं दीड महिना नकाशा काढला. मुली जमिनीवर बसून अभ्यास करतात म्हणून खिडक्या खाली घेतल्या. बसल्या जागेवरून अंगण दिसलं पाहिजे. स्वयंपाकघर मागं न टाकता मधोमध ठेवलं. लांब ओसरी दिली, म्हणजे गावाहून भेटायला आलेल्या आयांना पाठ टेकता येईल. धुरपतानं कागदावर बोट ठेवून विचारलं, ही ओसरी काय. हो म्हटल्यावर ती बराच वेळ बोट तिथंच ठेवून बसली.

फाइल बांधकाम परवानगीच्या कार्यालयात गेली. खिडकीतल्या बाबूनं कागद उलटे-सुलटे केले आणि नोंदणी क्रमांक विचारला. आर्किटेक्टचा, नाहीतर परवानाधारक इंजिनिअरचा. नंबर टाकून आणा म्हणाला. त्याच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं.

तिनं दिल्लीच्या वास्तुकला परिषदेकडं नोंदणीसाठी अर्ज केला. उत्तर यायला पाच आठवडे लागले. उत्तर तीन ओळींचं होतं. आपली पदवी नोंदणीसाठी पात्र नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेची पाच वर्षांची पदवी लागते. पदव्युत्तर पदवी त्या पदवीच्या जागी धरता येत नाही.

तिनं पुण्याला फोन लावला. विभागप्रमुख चांगलं बोलले. त्यांना तिचा प्रबंध आठवत होता. ते म्हणाले, आम्ही नोंदणीचं कधीच म्हटलं नव्हतं. क्षेत्रात प्रवेश म्हटलं होतं. लेखन आहे, संशोधन आहे, संवर्धन आहे. तिनं जुनी जाहिरात काढून पाहिली. नोंदणी हा शब्द त्यात खरंच नव्हता.

मग तिनं पुढची चौकशी केली. ती पाच वर्षांची पदवी घ्यायची तर पहिल्या वर्षापासून. त्याच्या प्रवेशाला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. म्हणजे आधी पुन्हा बारावी. तिला सव्विसावं चालू होतं. तिनं एका कागदावर वर्षं मांडली आणि शेवटचा आकडा लिहायच्या आधीच कागद उलटा ठेवला.

बाबांना तिनं ते पत्र मराठीत करून सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

"म्हणजे तू शिकली ते खोटं काय?"

"नाई बाबा. खरं हाय."

"मग?"

"त्याच्या खालचं नाई माह्यापाशी."

बाबा हातावरचा सुकलेला सिमेंटचा पापुद्रा नखानं काढत बसले. धुरपता गोंडीत काहीतरी म्हणाली.

"पाया न खोदता मजले चढवले म्या लई," ते शेवटी म्हणाले. "उभे हायेत अजून." आणि थोड्या वेळानं, "पन त्यायच्यावर कोनी सही केली नव्हती."

रक्षाला वाटलं होतं ते चिडतील. संस्थेला, दिल्लीला, नाहीतर तिला शिव्या देतील. ते चिडले असते तर तिला जेवण गेलं असतं.

नत्थूजींना सांगणं त्याहून अवघड होतं. ते हसलेच. आयुष्यभर वर्धा-नागपूर गाडीवर तिकिटं फाडलेला माणूस.

"मले सांग, मानूस नागपूरले उतरला. आता त्याले कोनी विचारते काय, मधात सेलू लागलं होतं का म्हनून?"

"काकाजी, माही गाडी दुसऱ्या रस्त्यानं गेलती."

"कोन्त्याबी रस्त्यानं जाय ना. पोचली ना?"

"नाई पोचली," रक्षा म्हणाली.

त्यांना ते पटलं नाही. कार्यालयातल्या बाबूला काहीतरी हवं असेल, असं त्यांच्या मनात होतं. ते स्वतः जाऊन आले. परत आल्यावर ते नंबरवाला कोणी मिळतो का, विचारू लागले. अनुदानाची मुदत सरत चालली होती. सही कोणाची तरी लागणारच होती.

सही साहिलनं केली. नागपूरला पाच वर्षं शिकलेला, रक्षापेक्षा एक वर्षानं लहान. वर्ध्यात त्याचं कार्यालय होतं. तिनं नकाशे त्याच्या टेबलावर पसरले. त्यानं सगळे कागद पाहिले, पुन्हा पहिल्या कागदावर आला आणि म्हणाला, "ताई, मला हे सुचलं नसतं." तो खरं बोलत होता. त्यामुळं तिला त्याचा रागही करता येईना.

त्यानं सगळं स्वतः तपासलं, कारण जबाबदारी त्याची होती. खिडक्या अडीच फुटांवर नेल्या. मुलींचं वसतिगृह आहे, खाली खिडकी कोणी पास करणार नाही, म्हणाला. रक्षानं दोनदा सांगून पाहिलं, मुली खाली बसतात. तो म्हणाला, समजतंय. पण सही करणाऱ्यालाच उत्तर द्यावं लागतं. बदल त्यानं तिलाच करायला दिला. तिनं केला. ज्या चौकटीत आर्किटेक्टचं नाव असतं तिथं त्याचा शिक्का बसला. खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, रेखाटन म्हणून तिचं नाव आलं. तेही त्यानं आठवणीनं टाकलं होतं. मग त्यानं तिला कार्यालयात कामाला या म्हणून विचारलं. ती जाऊ लागली. दुसऱ्यांचे जिने, दुसऱ्यांची संडास-बाथरूमं ती कॉम्प्युटरवर काढून द्यायची. पाचला निघायची. पुण्याच्या मैत्रिणींचे फोन उचलायची नाही.

महिनाभरात मंजुरी आली. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी भूमिपूजन ठरलं.

शनिवारी साहिलचा फोन आला. तो अवघडून बोलत होता. नालवाडीच्या फाट्यावर मोठा फ्लेक्स लागलाय. तुमचा फोटो आहे. खाली लिहिलंय, आर्किटेक्ट रक्षा प्रेमदास उईके. तो शब्द नोंदणी नसताना लावता येत नाही, ताई. कायदा आहे. कोणी तक्रार केली तर त्रास तुम्हालाच होईल.

ती तशीच फाट्यावर गेली. फोटो काळ्या गाऊनमधलाच होता. बाबांनी दिला असणार. नत्थूजी तिथं मंडपवाल्याशी बोलत होते. तिनं तो शब्द काढायला सांगितलं.

"लागला ना आता फलक," ते म्हणाले. "लोकाईले काय सांगू मी? दोन वर्सं सांगून राह्यलो, आपली पोट्टी आर्किटेक्ट हाय म्हनून. तुले सांगायचं असंल तर उद्या माइकवर तूच सांग."

हे त्यांनी रागानं म्हटलं की दमून, तिला कळलं नाही. पण सांगायचं, असं तिनं ठरवलं. निदान एकदा सगळ्यांसमोर खरं बोलून मोकळं व्हायचं. मग जे होईल ते होवो.

रविवारी गावाकडून तीन गाड्या भरून माणसं आली. जय सेवा, जय सेवा करत एकमेकांना भेटली. भूमक्यानं पूजा केली. पहिली कुदळ बाबांच्या हातानं पडली. साहिलला शाल आणि नारळ दिला. तो खुर्चीच्या टोकावर बसला होता. मग नत्थूजींनी रक्षाचं नाव पुकारलं.

रात्रभर मनात म्हणून ठेवलेली वाक्यं तिनं एकामागोमाग म्हटली.

"मी आर्किटेक्ट नाही. फलकावर लिहिलंय ते चूक आहे. नकाशावर सही साहिल सरांची आहे. मला ती करता येत नाही. पुढंही करता येणार नाही."

मग मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. बायका एकमेकींकडं पाहून हसत होत्या. नत्थूजींनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, पाहा, शिकलेलं मानूस कसं नमून बोलते. पुन्हा टाळ्या झाल्या. साहिल खाली पाहत होता. पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांचे हात मांडीवर होते. धुरपता मात्र टाळ्या वाजवत होती. तिला खरं ठाऊक होतं, तरी वाजवत होती.

रक्षा मंचावरून उतरली. जेवणाच्या पंगतीकडं जाताना तिला शोभाबाईंनी गाठलं. कारंज्याकडच्या, बाबांच्या गावच्या. साठी उलटलेली बाई, एवढ्यासाठी सकाळी सहाला गाडीत बसून आली होती. त्यांनी रक्षाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली.

"आमच्या नातीलेबी, नंदिनीले, तुह्यासारखीच करतो मी," त्या म्हणाल्या. "यंदा अकरावीले गेली. मास्तर म्हने गुन चांगले हायेत, सायन्सले टाका. नंबरबी लागलता तिचा. म्या म्हटलं, रक्षानं कुठं घेतलतं सायन्स? काढला नंबर, अन् आर्टले टाकली. आता सतरावीले पुन्याले धाडतो."

"मावशी," रक्षा म्हणाली. "आता मी वर काय बोलली, आयकलं ना तुम्ही?"

"आयकलं ना. लई साजरं बोलली."

"खरं होतं ते. मी नाई झाली. तिले परत सायन्सले टाका. उद्याच जा कॉलेजात. जागा असंल अजून. गणित पायजे तिले."

शोभाबाई हसल्या. त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं, घाबरलेल्या लेकराला थोपटतात तसं.

"गनित कायले वो?" त्या म्हणाल्या. "तुले कुठं होतं."