नावं ठेवण्याजोगं जेवण

बाबा गेल्यावर मी आईला नागपूरहून कर्वेनगरला आणलं, आणि तिची भूकच गेली. मोबाइलवर पुण्यातल्या नामांकित हॉटेलांची यादी काढून मी दर रविवारी तिला एकेका ठिकाणी नेऊ लागलो. ती दोन घास खायची, "छान आहे" म्हणायची आणि ताट सरकवायची.

एकदा गर्दीमुळे आमच्याच टेबलावर एक अनोळखी गृहस्थ येऊन बसले. त्यांनी खिशातल्या रुमालाने चमचा पुसला, लिंबाच्या फोडीतल्या बिया काढून ताटाच्या कडेला ठेवल्या आणि खाली मान घालून जेवू लागले. आईने "छान आहे" म्हणत ताट सरकवलं, तेव्हाच त्यांनी वर पाहिलं.

"आपण कुठल्या?"

"नागपूरची," आई म्हणाली.

ते माझ्याकडे वळले. "अहो, लोकांच्या घरी जेवताना म्हणतात तसं छान म्हणताहेत त्या. नावं ठेवता येतील असं काहीतरी खायला घाला त्यांना."

मग हडपसरमधल्या एका नागपुरी खानावळीचा रस्ता सांगून त्यांनी ताक मागवलं. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

पुढच्या रविवारी त्या खानावळीत आम्ही गोळाभात घेतला. पहिल्याच घासाला आईच्या कपाळावर आठी पडली.

"वरचं तेल नीट तापवलेलं नाही. गोळ्यात मीठही कमी आहे."

माझा जीव भांड्यात पडला. तोवर तिने वाढणाऱ्या बाईंना हाक मारली होती.

"भात वाढा बाई अजून. अन् मीठ आणा."