डोंगरावरचं वऱ्हाड

केरूनाना डोंगरातल्या काट्याकुट्यांतून पायताण घालून चालायचे आणि खडीची सडक लागली की तेच पायताण काढून काखेत मारायचे. लोक हसायचे. मरेपर्यंत नानांनी ही सवय सोडली नाही असं मागाहून कळलं. मला कधी हसू आलं नाही, कारण तिचं मूळ माझ्यापाशी होतं.

बहात्तरच्या दुष्काळात पारनेर तालुक्यातल्या त्यांच्या गावी सडकेसाठी खडी फोडण्याच्या कामावर मी हजेरी कारकून होतो. गावामागच्या डोंगराच्या सोंडेवर वाऱ्यापावसानं झिजलेले वीसेक काळे दगड रांगेनं उभे होते. गाव त्यांना वऱ्हाड म्हणे. पुढे नवरा-नवरी, मागे वऱ्हाडी. गावात लग्न लागलं की जोडप्यानं तिथं जाऊन हळद वाहायची, आणि त्यांना वर न्यायचा मान नानांच्या घराण्याचा. मलाही त्यांनी एकदा नेलं. उन्हानं माझा जीव मेटाकुटीला आलेला, आणि हे एकेकाची ओळख करून देतायत. "ही करवली, लई रुसकी. आन् ह्यो मामा, जेवल्याबिगर हलायचा न्हाई!"

वैशाखात खालचा दगड संपला. वरून हुकूम आला, दगड नसेल तर काम दहा मैलांवर हलवा. तान्ही लेकरं घेऊन बाया तिथवर रोज जाणार कशा? जवळ दगड होता तो वऱ्हाडाचाच. तो फोडता येईल असं मी वर लिहून दिलं, पण नानांना सांगायला जीभ रेटेना. त्यांना कळायचं ते कळलंच. फोडायला सुरुवात करायच्या सकाळी ते हळद घेऊन वर आले, प्रत्येक दगडाला बोट लावलं आणि म्हणाले, "उठा पाव्हनं. घरात दाना न्हाई, तुमाला किती दिस बसवून ठिऊ?" मग घण मागून घेतला. नवऱ्यावर पहिला घाव त्यांनीच घातला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सडक झाली, माझी बदली झाली. नाना एस.टी.पर्यंत पोचवायला आले. सडकेला लागताच थांबले.

"सायेब, आमचा नवरा कुटं टाकला, ध्यानात हाय का? तेवड्या जागंवर पाय नको पडाया."

सगळी खडी एकाच ढिगात गेली होती. एखादं वळण दाखवून वेळ मारून नेता आली असती. पण वर्षभरात मी इतका थकलो होतो की खोटंही सुचेना.

"नाही हो नाना."

त्यांनी मान हलवली, वाकून पायताण काढलं आणि काखेत धरलं. "चला, गाडी चुकंल."

फाट्यापर्यंत फक्त माझे बूट वाजत राहिले.